अर्ज लिहिणारी बाई

६ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुमचं पत्र आलं तेव्हा घरात रणधुमाळी चालू होती. तुमच्या भाचीने बापाच्या कामाच्या टेबलावरून एका गिऱ्हाइकाच्या दातांचा संच उचलला आणि मैत्रिणींना दाखवायला शाळेत नेला. ते आजोबा बिचारे तोंडावर रुमाल धरून आमच्या व्हरांड्यात बसलेले. तुमचा भाऊ दात परत आणायला सायकलवर गेला आणि मी आजोबांना चहा देत बसले. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांचा राग नेमका किती होता ते कळलं नाही.

माझं काम बरं चाललंय. नव्या मोठ्या रुग्णालयाच्या सगळ्या पलंगांची ऑर्डर नशिबाने आम्हाला मिळाली. साहेबांची पुण्याई म्हणायची. तिथले मुख्य डॉक्टर महिनोन् महिने दाद देत नव्हते. पलंग सगळे सारखेच, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मी आपली सहज त्यांना म्हटलं, डॉक्टर, पाच मिनिटं झोपून बघा. बूट काढून झोपले की ते! मग मी दुसऱ्या कंपनीच्या पलंगाचं डोकं वर केलं तर सगळा खडखडाट, आणि आमच्या पलंगाचं केलं तर त्यांना कळलंसुद्धा नाही. उठताना म्हणाले, "मी इतकी वर्षं पेशंटना झोपवतोय, स्वतः कधी झोपलो नव्हतो."

आणखी एक. आमचे विभागप्रमुख महिनाअखेरीस निवृत्त होतायत. जागेसाठी अर्ज मागवलेत. ती टायवाल्याला मिळणार असं सगळे धरून चाललेत. टायवाला म्हणजे तो मुलगा हो, भर उन्हातही टाय न सोडणारा. आला तेव्हा मीच त्याला हाताखाली घेऊन शिकवलं होतं. हुशार आहे. मला तर विचारही शिवला नाही. तुम्हाला सांगायचं म्हणून सांगितलं.

तुमचं कंबरेचं दुखणं कसं आहे? फोन उचलत जा हो ताई.

तुमची,
मुंगी


१२ जानेवारी

मुंगीबाई,

फोन मी उचलणार नाही. जन्मभर न्यायालयात लोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवून घेतलं. माणूस बोलताना काय वाटेल ते बोलतो, पण कागदावर आलं की त्याचं त्यालाच दिसतं. तुलाही दिसावं म्हणून तुझं पत्र परत पाठवतेय. लाल पेन्सिलीने खुणा केल्यात, रागावू नकोस.

"नशिबाने" मिळाली. "साहेबांची पुण्याई". "मी आपली सहज". आता सांग, डॉक्टरांकडे महिनोन् महिने कोण जात होतं? नशीब? त्यांचे बूट साहेबांच्या पुण्याईने उतरले? साक्षीदार असं बोलायला लागला की आमचे न्यायाधीश चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "तुम्ही तिथे होता की नव्हता, एवढंच सांगा."

तू तिथे होतीस.

शेवटचं वाक्य तर बघ: मला विचारही शिवला नाही. न शिवलेल्या विचारावर कुणी अर्धं पान लिहीत नाही.

तुला मुंगी हे नाव मीच ठेवलं, कारण तू स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलतेस. पण कुणाच्या पायात येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनेच चालतेस, हेही मी तुझ्या लग्नापासून बघतेय. अर्ज कर.

कंबर ठीक आहे. आराम करा म्हणालेत, तो करतेय.

दातवाल्या भाचीला एक पापा.

ताई


१९ जानेवारी

प्रिय ताई,

लाल पेन्सिल बघून शाळेतले दिवस आठवले. तुमचं म्हणणं पटतंय, पण तुम्हाला सगळं माहीत नाही.

एक तर विभागप्रमुखाला फिरती असते, आठवड्यात दोनतीन रात्री बाहेर. तुमच्या भावाला ते आवडणार नाही. लेक अजून लहान. दुसरं म्हणजे, हाताखाली पुरुष असणार आणि त्यातले काही माझ्यापेक्षा मोठे. मी काही सांगितलं की ते माझ्या खांद्यावरून मागे बघतात, जणू खरं बोलणारं माणूस अजून यायचंय. आणि मला मोठ्या बैठकीत बोलताना घाम फुटतो. गिऱ्हाइकासमोर फुटत नाही, आपल्याच माणसांसमोर फुटतो. विचित्र आहे ना?

तरीपण तुम्ही म्हणालात म्हणून अर्ज लिहून बघितलाय. सोबत जोडलाय. पाठवणार नाहीये. फक्त बघा.

मुंगी


२५ जानेवारी

प्रिय मुंगे,

अर्ज वाचला. तो कंपनीने तुला घ्यावं म्हणून आहे की माफ करावं म्हणून, ते कळेना. "संधी मिळाल्यास प्रयत्न करण्याची इच्छा आहे" असं कुणी लिहितं का? लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवतेय, पण मी त्यातला एकही प्रसंग बदललेला नाही. तूच लिहिलेलं आहे सगळं, फक्त कर्ता जागेवर आणून ठेवलाय. "ऑर्डर मिळाली"च्या जागी "मी ऑर्डर मिळवली". "नवीन सहकाऱ्यांना मदत झाली"च्या जागी "मी तिघांना शिकवलं, त्यातला एक आज याच पदासाठी उभा आहे". मोठ्याने वाच. लाज वाटली तर पुन्हा वाच.

आता माझ्या भावाबद्दल. तो दिवसभर घरात बसून लोकांचे दात घडवतो. मुलगी शाळेतून येते तेव्हा दार कोण उघडतं? वेणी कोण घालतं? वाकडी घालतो हे मान्य. "त्यांना आवडणार नाही" असं तू लिहितेस. त्याला विचारलंस का, की त्याच्या वतीने तूच उत्तर देऊन मोकळी झालीस?

खांद्यावरून मागे बघणाऱ्यांवर माझ्याकडे औषध नाही. न्यायालयातही होते असले. काहींची मान शेवटपर्यंत सरळ झाली नाही. आपण आपलं काम करत राहायचं.

ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

उशिराबद्दल माफ करा, गडबड होती. तुमच्या भावाला विचारलं. तो इतका दुखावला की जेवला नाही धड. "मी कधी नाही म्हणालो? न विचारताच मला खलनायक करून ठेवलंस?" मग रात्रीच्या जेवणाला त्याने लेकीसमोर जाहीर केलं की आई बाहेरगावी असेल तेव्हा घरात रोज अंड्याची पोळी मिळेल. लेक तेव्हापासून विचारतेय, आई कधी जाणार.

अर्ज शेवटच्या दिवशी टाकला. मुलाखत झाली. ठीक झाली. निकालाचं अजून काही कळलं नाही. कळलं की लिहीन.

इकडे सगळे मजेत. तुम्ही कशा आहात?

मुंगी


२२ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

मीही मजेत. शेजारीण आणि मी थोडे दिवस थंड हवेच्या ठिकाणी जातोय. तिथून पत्र टाकायची सोय नाही, तेव्हा महिनाभर वाट बघू नका. अक्षर वाकडं आलंय ते बसायची खुर्ची बदलली म्हणून.

निकाल लागला की कळवच.

ताई


३ मार्च

ताई,

मी तुझा भाऊ. मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा मी किती चिडलोय याचा अंदाज कर.

आज सकाळी तुझ्या त्या थंड हवेच्या ठिकाणच्या शेजारणीचा फोन आला. ती तिच्या स्वयंपाकघरातून बोलत होती. तुझ्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला आणि तू तिला कुणाला न सांगण्याची शपथ घातलीस. ती बिचारी आठवडाभर शपथ सांभाळत बसली आणि आज तिला रडू आवरेना. का सांगितलं नाहीस? म्हणे, मुंगीच्या निकालाचे दिवस आहेत, तिला आणखी घोर नको.

तर ऐक. मुंगीचा निकाल कधीच लागला. जागा टायवाल्याला गेली. तुला वाईट वाटेल म्हणून तिने लिहिलं नाही. तुझी कंबर दुखतेय, त्यात आणखी कशाला, असं ती म्हणाली. तुम्ही दोघी एकमेकींना जपता आणि मी मध्ये बसून दात घासतो.

मुलाखतीचं तिने मलाही तुटक तुटकच सांगितलं. तुझ्या लाल पेन्सिलीचा अर्ज त्यांना फारच आवडला होता. मुख्य कार्यालयातून एक वरिष्ठ बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, ही मोठी ऑर्डर कशी मिळवलीत? आपली राणी म्हणाली, "आमच्या साहेबांचं मार्गदर्शन होतं, सगळ्यांनीच मदत केली." पुढे काय विचारलं तर तेच. शेवटी त्या बाईंनी अर्ज उचलून विचारलं, "हा अर्ज लिहिणारी बाई आज आली नाही का?" त्यांनी रागाने विचारलं नव्हतं म्हणे, खरंच शोधत असल्यासारखं विचारलं. घरी येऊन ही मुलीच्या खोलीत जाऊन बसली आणि तिच्या वहीला कव्हर घालत राहिली. सगळ्या वह्यांना घातली.

आम्ही दोघं शुक्रवारी येतोय. लेक आत्याला दाखवायला दातांचा संच पाठवायचा म्हणतेय. नाही म्हटलंय.

तुझा भाऊ


१४ मार्च

प्रिय मुंगी,

तुम्ही गेलात त्या दिवशी खोली इतकी शांत झाली की मला झोप लागेना. आता भिंत धरून खिडकीपर्यंत जाते. नर्स ओरडते, मीही ओरडते.

पलंगाशी बसून तू जे पहिलं वाक्य बोललीस ते "माझ्यामुळे तुमचा अर्ज वाया गेला" हे होतं. अर्ज तुझा होता. पण माझ्याही लक्षात एक गोष्ट आली. मी तुझे शब्द दुरुस्त केले आणि समजले की काम झालं. दुसऱ्याच्या पेन्सिलीचे शब्द तुझ्या तोंडात कसे बसणार? त्या बाईंनी विचारलं ते बरोबरच होतं.

म्हणून आता माझे शब्द देत नाही. तुझेच देते.

शनिवारी दुपारी तुझा नवरा खाली फळं आणायला गेला होता. माझ्या पलंगाचं डोकं वर होईना, दोन वॉर्डबॉय दांड्याशी झटापट करत होते. मॅट्रनबाई आल्या. मला वाटलं तू गप्प बसशील. तू उठलीस. माझ्या उशाशी शब्दकोड्याचं मासिक होतं, त्याच्या समासात मी सगळं लघुलिपीत उतरवून घेतलं. सवय जात नाही. जसंच्या तसं उतरवतेय.

तू: "थांबा, जोर लावू नका, मोडेल. आतली दांडी गंजलीय. शेवटचं तेलपाणी कधी झालं?"

मॅट्रन: "करणार कोण? कंपनीचा माणूस शहरातून येतच नाही. आमचे पलंग वीसबावीस, त्यांना परवडत नाही."

तू: "तुमच्यासारखी लहान रुग्णालयं या रस्त्यावर किती आहेत?"

मॅट्रन: "बरीच आहेत. सगळ्यांची हीच रड."

तू: "मग पलंग विकणारा आधी नकोच. आधी दुरुस्ती करणारा हवा. एक मेकॅनिक, एक गाडी, ठरलेल्या वारी सगळीकडे फेरी. कुणाचाही पलंग असो, दुरुस्त करायचा. नवा घ्यायची वेळ आली की तुम्ही कुणाला बोलवाल?"

मॅट्रन: "दारात येतो त्यालाच."

तू: "मी हे करून दाखवते. मला तुमच्याकडच्या सगळ्या मोडक्या पलंगांची पाहणी करू द्या, आत्ता."

आणि तू गेलीस. मला तशीच आडवी टाकून, बाह्या सरसावून, मॅट्रनच्या पुढे. मागे नाही, पुढे. परत आलीस तेव्हा तुझ्या हाताला काळं लागलं होतं आणि दोन्ही वॉर्डबॉय तुझ्या मागून चालत होते.

आयुष्यभर आवाज ऐकले मी. खोटे, घाबरलेले, पढवलेले. हा त्यातला नव्हता. तो अर्ज लिहिणाऱ्या बाईचाही नव्हता, तिच्याहून चांगला होता. तुला तो आवाज आणायचा नाहीये, तुझ्याकडे आहे. फक्त तू तो पलंगाशेजारी वापरतेस आणि कार्यालयाच्या दारात चपलेसारखा काढून ठेवतेस.

यापुढे काय करायचं ते मी सांगणार नाही. पेन्सिल ठेवून दिली.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी गाडीत, कार्यालयात, कपडे वाळत घालताना, सगळीकडे वाचलं. आधी ओळखलंच नाही. मॅट्रनशी हे मी बोलले? मला तर एवढंच आठवत होतं की पलंगाचं काहीतरी बोलणं झालं.

मग मी मुख्य कार्यालयातल्या त्या बाईंची वेळ मागितली. साहेबांना सांगून मागितली, चोरून नाही. साहेब म्हणाले, "आता कशासाठी? जागा तर भरली." मी म्हटलं, भरलेल्या जागेसाठी नाही. त्यांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "खरं सांगू? इतकी वर्षं तुम्ही काही मागितलं नाहीत, मला वाटायचं तुम्हाला काही नकोच आहे." मला रागही आला आणि हसूही आलं.

बाईंच्या समोर बसले तेव्हा घाम फुटला. हो ताई, फुटलाच. आवाजही सुरुवातीला चिरका निघाला. पण मी तुमच्या खोलीपासूनच सुरुवात केली. म्हटलं, माझी नणंद ऑपरेशन होऊन पडली होती आणि तिचं डोकं वर करायला दोन माणसं लागत होती. मग पुढचं आपोआप आलं. लहान रुग्णालयं, मेकॅनिक, गाडी, फेऱ्या. म्हटलं, हा विभाग आज कुणाकडेच नाही, कारण तिथे ऑर्डरी लहान आहेत आणि तिथे जायला कुणी तयार नाही. मी तयार आहे. मला एक वर्ष द्या, एक मेकॅनिक द्या आणि दोन विक्रेत्या, त्या मी निवडेन. आणि पद विभागप्रमुखाचंच हवं. पदाशिवाय काम करायला लावलंत तर रुग्णालयांच्या दारात माझं कुणी ऐकणार नाही.

हे शेवटचं मी घरी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मीच दचकले.

बाई म्हणाल्या, "मुलाखतीच्या दिवशी हे का बोलला नाहीत?"

मी म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही मला पसंत करावं म्हणून आले होते. आज मला काय करायचंय ते सांगायला आलेय."

त्या हसल्या नाहीत. दोन दिवसांनी कळवते म्हणाल्या. दोन दिवसांचे नऊ झाले. त्या नऊ दिवसांत मी घरातल्या सगळ्यांवर ओरडले. काल पत्र आलं. विभाग मिळाला, पद मिळालं, विक्रेत्या दोनऐवजी एक मिळाली. वर्ष संपलं की हिशेब बघणार. टायवाल्याने सगळ्यांसमोर येऊन अभिनंदन केलं. बाजूला म्हणाला, "तुम्ही अर्ज केलाय हे कळलं तेव्हा मी खरंच घाबरलो होतो." चांगला मुलगा आहे हो. दोघंजण मात्र अजून माझ्या खांद्यावरून मागेच बघतात. बघू देत.

आता दुसरं काम.

डॉक्टर म्हणालेत, तुम्ही तीन महिने एकटं राहायचं नाही. तुम्ही शेजारणीला म्हणालात, मी बघून घेईन. बघून घेण्यासारखं त्यात काही नाही. तुमच्या जिन्याला कठडा नाही, न्हाणीघरात धरायला काही नाही, शेजारीण स्वतः सत्तरीची. इकडे आमची खालची खोली रिकामी केली आहे. पलंग येतोय, आमच्या कंपनीचा, दाखवण्यासाठी वापरलेला, म्हणून स्वस्तात मिळाला. तुमचा भाऊ दिवसभर घरात असतो. मी आठवड्यात दोन रात्री नसेन तेव्हा लेकीची वेणी सरळ घालायला कुणीतरी लागेल.

तुम्ही आलात तर बरं होईल, असं मी लिहिणार नाही. तुम्ही या. शनिवारी गाडी घेऊन आम्ही रुग्णालयाच्या दारात येतोय. तुमच्या प्रत्येक नकाराला माझ्याकडे उत्तर तयार आहे आणि मी या आठवड्यात हरलेली नाही.

तुमची,
मुंगी


८ एप्रिल

मुंगे,

माझे नकार मी लिहून काढले होते. तुम्हाला त्रास नको. माझी झाडं. माझी एकटीची सवय. तुझं नवं काम. चार-पाच चांगले होते. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि एकेकावर तू काय म्हणशील ते मला ऐकूच यायला लागलं. झाडं शेजारणीने तिच्याकडे नेऊनही ठेवली.

आज नर्सने पाय तपासताना विचारलं, "गेल्या महिन्यात आल्या होत्या त्या तुमच्या कोण? मुलगी?" मी म्हटलं, भावजय. ती म्हणाली, "भावजय आणि एवढं?" मी म्हटलं, हो, एवढं.

आयुष्यात मी कुणाच्या घरी आठवड्याहून जास्त राहिले नाही. भीती वाटते. हे वाक्य मी कागदावर पहिल्यांदाच लिहितेय आणि ते खोडत नाही.

शनिवारी तयार असते. सामान एकच आहे, पण जड आहे. तूच उचल.

ताई